नाव, संज्ञा आणि अंक : शिरूर–दौंड परिसरातील बाजारचिन्हांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या समभागास एक संक्षिप्त चिन्ह दिलेले असते. इंग्रजीत त्यास टिकर म्हणतात; मराठी व्यवहारात 'सिम्बॉल' हा शब्दही रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'बाजारचिन्ह' हा शब्द योजला आहे. या चिन्हांविषयी सामान्य वाचक पहिला प्रश्न विचारतो तो असा की, या अक्षरांचा अर्थ काय? प्रश्न सरळ दिसतो. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. अक्षरे आहेत म्हणजे त्यांना अर्थ असलाच पाहिजे, आणि तो अक्षरांतूनच काढता आला पाहिजे, हे ते गृहीतक होय. ते कितपत टिकते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

या विचारासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके निवडले आहेत, त्यास कारण आहे. दौंड हे रेल्वेचे जुने जंक्शन. तारायंत्राच्या काळातील संक्षेपाची पद्धत तेथे आजही तिकिटावर छापलेली दिसते. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे रसायनांचे व औषधांचे, तर शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे यंत्रसामग्रीचे, घरगुती उपकरणांचे व खाद्यपदार्थांचे कारखाने औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रांत उभे आहेत. त्यांपैकी अनेकांच्या कंपन्या मुंबईच्या दोन्ही शेअरबाजारांत नोंदलेल्या आहेत. शिवाय याच दोन तालुक्यांत सहकारी साखर कारखाने असून त्यांचेही 'शेअर' गावोगावच्या शेतकऱ्यांकडे आहेत. मात्र त्यांना कोणतेही बाजारचिन्ह नाही. संक्षेप, चिन्ह आणि चिन्हाचा अभाव अशी तिन्ही उदाहरणे येथे एकत्र सापडतात.

२. अन्वर्थ आणि कृत्रिम

भारतीय व्याकरणपरंपरेत या प्रश्नाची पूर्वतयारी झालेली आहे. पाणिनीने लाघवासाठी ज्या संज्ञा योजल्या त्यांत काही अन्वर्थ आहेत, म्हणजे त्यांचा लौकिक अर्थ शास्त्रातही लागू पडतो. 'सर्वनाम' ही संज्ञा तशी मानली जाते. काही निव्वळ कृत्रिम आहेत. 'घु', 'टि', 'भ' या संज्ञांना लोकभाषेत अर्थच नाही. 'घु' म्हणजे दा आणि धा या रूपांचे धातू, हे सूत्र पाठ असल्यावाचून कोणासही कळणार नाही. तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. 'नदी' ही संज्ञा ईकारान्त व ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांच्या एका वर्गास दिलेली आहे. शब्द ओळखीचा, परंतु शास्त्रात त्याचा पाण्याच्या प्रवाहाशी संबंध नाही. ज्यास 'घु' कळत नाही तो निदान विचारील तरी; ज्यास 'नदी' हा शब्द ठाऊक आहे तो विचारणार नाही, आणि चुकेल.

अन्वर्थ, कृत्रिम आणि ओळखीच्या रूपात आलेली कृत्रिम, असे हे तीन वर्ग बाजारचिन्हांनाही जसेच्या तसे लागू पडतात. त्यांची उदाहरणे पुढे येतील.

३. मराठी दप्तरातील संक्षेप

संक्षेपाची गरज मराठी लेखनव्यवहारास नवी नाही. मोडी कागदपत्रांत 'मौजे' ऐवजी 'मौ॥', 'प्रांत' ऐवजी 'प्रा॥' असे लिहिण्याची पद्धत सर्रास होती. मुसलमानी महिन्याची तारीख 'छ' या एका अक्षराने दर्शविली जाई. या संक्षेपांची घडण पाहण्यासारखी आहे. शब्दाचे पहिले अक्षर त्यातील स्वरासह ठेवावयाचे आणि उरलेल्या शब्दाच्या जागी दोन दंड द्यावयाचे. देवनागरीत व मोडीत स्वर हा व्यंजनाच्या अंगास चिकटलेला असतो, म्हणून संक्षेपाचे एकक 'अक्षर' हेच राहते. रोमन लिपीत स्वर स्वतंत्र वर्ण म्हणून लिहिला जातो. तो गाळून केवळ व्यंजनांचा सांगाडा ठेवणे तेथे सोपे पडते. संक्षेप कसा होईल हे लिपीवर अवलंबून असते, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरी परंपरा बाजाराची. देशावरील बैलबाजारांत हेडी लोक उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. या करपल्लवीचा हेतू मोडी संक्षेपाच्या अगदी उलट आहे. दप्तरातील 'मौ॥' सर्वांना कळावे म्हणून लिहिले जाई; रुमालाखालचा भाव दोघांपलीकडे कोणास कळू नये म्हणून बोटांनी सांगितला जाई. बाजारचिन्हांना पुष्कळ लोक या दुसऱ्या जातीची, म्हणजे दलालांची गुप्त भाषा समजतात. इतिहास पाहता ती पहिल्या जातीची आहेत. ती लपविण्यासाठी निर्माण झाली नाहीत. वेळ आणि जागा वाचविण्यासाठी निर्माण झाली.

४. दौंडचे 'डी-डी'

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन झाले. रेल्वेबरोबर तारायंत्र आले. गाडी सुटली, पोहोचली, थांबली, याची वर्दी एका स्थानकावरून दुसऱ्यास द्यावयाची तर स्थानकाचे पूर्ण नाव दरवेळी कडकट्ट करीत पाठविणे परवडणारे नव्हते. म्हणून प्रत्येक स्थानकास एक, दोन किंवा तीन रोमन वर्णांची खूण मिळाली. दौंडची खूण 'डी-डी'. त्याच मार्गावरील यवतची 'वाय-टी', केडगावची 'के-डी-जी', पाटसची 'पी-ए-ए'.

या खुणांची घडण बारकाईने पाहिली तर तीन रीती दिसतात. 'डी-डी' व 'वाय-टी' यांत नावाचा पहिला व शेवटचा वर्ण घेतला आहे. 'के-डी-जी' मध्ये व्यंजनांचा सांगाडा आहे. 'पी-ए-ए' मध्ये मात्र पहिल्या वर्णानंतर एकच स्वरवर्ण दोनदा आला आहे. केवळ खुणेवरून पाटस हे नाव कोणी ओळखील, असे म्हणता येत नाही. एका यादीत दोन स्थानकांस एकच खूण असून चालत नाही. म्हणून नावाशी असलेले साम्य हे सोयीपुरते आणि वेगळेपण हे अनिवार्य. फर्दिनां द सोस्यूर याने भाषेतील चिन्हांविषयी मांडलेले भेदाचे तत्त्व, म्हणजे चिन्ह आपल्या अंगच्या गुणाने नव्हे तर इतर चिन्हांहून असलेल्या निराळेपणाने ओळखले जाते हे तत्त्व, रेल्वेच्या खुणांत उघड्या डोळ्यांनी दिसते.

'डी-डी' च्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. इंग्रजी अमदानीत दौंडचे नाव रोमन लिपीत 'धोंड' असे वाचले जावे अशा रीतीने लिहीत. पुढे लेखन बदलून मराठी उच्चाराच्या जवळ आले. नावाचे मधले वर्ण बदलले. पहिला आणि शेवटचा वर्ण मात्र दोन्ही लेखनांत एकच होता. त्यामुळे खुणेस धक्का लागला नाही. उलटपक्षी, औरंगाबाद स्थानकाचे नाव २०२५ साली छत्रपती संभाजीनगर असे झाले तेव्हा जुनी 'ए-डब्ल्यू-बी' ही खूण जाऊन 'सी-पी-एस-एन' ही नवी आली. नाव बदलले की खूण बदलते, असा नियम नाही. बदलत नाही, असाही नाही. तो निर्णय यादी ठेवणाऱ्याचा असतो. दौंड स्थानक टाळून जाणाऱ्या गाड्यांसाठी जवळच कॉर्ड मार्गावर वेगळे स्थानक झाले, त्यास 'डी-डी-सी-सी' ही खूण मिळाली. येथे मूळ आधार 'दौंड' हे नाव नसून 'डी-डी' ही खूणच आहे. संक्षेपापासून पुन्हा नवा शब्द घडला. भाषेत ज्यास साधित शब्द म्हणतात तशीच ही घडण होय.

शिरूरला रेल्वे नाही, म्हणून त्यास अशी खूणही नाही. परंतु एकाच नावाची अनेक स्थळे वेगळी ओळखण्याची अडचण तेथेही आली आहे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. म्हणून पुणे जिल्ह्यातील शिरूर हे 'शिरूर घोडनदी' झाले. रेल्वेने वर्ण कमी करून जे साधले, ते लोकांनी शब्द वाढवून साधले. दोहोंचे प्रयोजन एकच.

५. फीत आणि फलक

बाजारचिन्हाचा जन्म याच तारायंत्रातून झाला. १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड कॅलाहन याने तारेवरून येणारे भाव कागदाच्या अरुंद फितीवर छापणारे यंत्र तयार केले. पुढे थोड्याच वर्षांत थॉमस एडिसनने त्यात सुधारणा केल्या. यंत्र चालताना 'टिक टिक' असा आवाज होई, त्यावरून त्यास टिकर हे नाव पडले. म्हणजे ज्या शब्दाने आज अर्थपूर्ण चिन्हांचा बोध होतो, तो मुळात केवळ ध्वन्यनुकरणवाचक आहे. फितीवर वर्ण एकामागून एक छापले जात, म्हणून नाव जितके लहान तितका भाव लवकर पोहोचे. काही मोठ्या कंपन्यांना एकेकच वर्ण मिळाला. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ या कंपनीस 'टी' मिळाला. तारेच्या लिपीत 'टी' म्हणजे एकच लांब खूण. लाघवाची ही परमावधी म्हणावी लागेल.

परंतु एकेका वर्णाचाही धनी कायम नसतो. 'सी' हा वर्ण दीर्घकाळ क्रायस्लर या मोटार कंपनीचा होता. १९९८ साली ती कंपनी डाइम्लरमध्ये विलीन झाल्यावर तो सिटीग्रुप या बँकसमूहास मिळाला. जुन्या वर्तमानपत्रातील 'सी' चा भाव आणि आजच्या 'सी' चा भाव यांची तुलना करणारा अभ्यासक मोटारीची तुलना बँकेशी करून बसेल.

मुंबईत दलालांची संघटना १८७५ साली स्थापन झाली. तेथील सौदे दीर्घकाळ आवाजी पद्धतीने, प्रत्यक्ष आवारात होत. त्यामुळे संक्षेप हे कागदी न राहता बोलके झाले. टिस्को, टेल्को ही नावे मुळात आद्यवर्णांची जुळणी. परंतु ती शब्दांसारखी उच्चारता येत, म्हणून तोंडी रुळली आणि मराठीत विभक्तिप्रत्ययही घेऊ लागली. 'टेल्कोत नोकरी', 'टिस्कोचा भाव' हे प्रयोग पुण्या-मुंबईच्या दोन पिढ्यांना परिचित आहेत. राष्ट्रीय शेअरबाजारात समभागांचे संगणकीय व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले आणि मुंबई शेअरबाजाराने मार्च १९९५ मध्ये तीच वाट धरली. आवाजाची जागा पडद्याने घेतली, आणि प्रत्येक समभागास लेखी चिन्ह अपरिहार्य झाले. तारेचा वेळ वाचविण्याची मूळ गरज तोपर्यंत उरली नव्हती. संगणकाच्या नोंदीतील ठरावीक लांबीचा रकाना ही नवी मर्यादा आली. राष्ट्रीय शेअरबाजारात ती दहा वर्णांची आहे.

६. कुरकुंभ व रांजणगाव येथील चिन्हे

दहा वर्णांच्या या मर्यादेचे उत्तम उदाहरण कुरकुंभ येथे कारखाना असलेल्या अल्काइल अमाइन्स केमिकल्स या कंपनीचे आहे. तिचे चिन्ह 'अल्काइलअमाइन'. रोमन लिपीत मोजले असता बरोबर दहा वर्ण भरतात. अनेकवचनाचा 'एस' आणि 'केमिकल्स' हा शब्द मर्यादेबाहेर राहिला. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे चिन्ह पूर्ण अर्थवाही वाटेल, कारण अल्काइल अमाइन हा संयुगांचा वर्गच आहे. ही अन्वर्थ संज्ञा होय. परंतु ती अन्वर्थ राहिली ती मर्यादा सोयीच्या ठिकाणी पडली म्हणून. इतर मोठ्या कंपन्यांचे तसे झाले नाही. भारती एअरटेलच्या चिन्हात 'एअरटेल' मधील दोन स्वरवर्ण गळाले आहेत; हिंदुस्थान युनिलिव्हरच्या चिन्हात 'हिंद' एवढाच पूर्वभाग उरून 'युनिलिव्हर' मधील दोन स्वरवर्ण गेले आहेत. केडगावच्या 'के-डी-जी' मध्ये जी रीत दिसली तीच ही.

कुरकुंभचीच सिप्ला ही दुसऱ्या वर्गातील. १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापन केलेल्या कंपनीचे नाव 'केमिकल, इंडस्ट्रिअल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' असे होते. त्याच्या आद्यवर्णांतून 'सिप्ला' हा शब्द घडला. १९८४ साली तेच कंपनीचे अधिकृत नाव झाले आणि पुढे बाजारचिन्हही तेच राहिले. येथे संक्षेप आधी, नाव नंतर आणि चिन्ह त्यानंतर असा क्रम आहे. आज 'सिप्ला' चे विवरण शोधणारा वाचक बाजारचिन्हाची फोड करीत नसून एका जुन्या नावाची व्युत्पत्ती शोधीत असतो. हे दोन निराळे व्यापार आहेत, हे ओळखणे अगत्याचे आहे.

तिसऱ्या, म्हणजे 'नदी' या संज्ञेच्या वर्गातील चिन्हही कुरकुंभ येथेच सापडते. क्लीन सायन्स अँड टेक्नॉलॉजी ही कंपनी जुलै २०२१ मध्ये बाजारात नोंदली गेली. तिचे चिन्ह 'क्लीन' असे आहे. हा इंग्रजीतील रोजच्या वापराचा शब्द. म्हणून तो वाचताच 'स्वच्छ' हा अर्थ मनात उभा राहतो. बाजाराच्या यादीत मात्र तो एका कंपनीच्या समभागाची खूण आहे, एवढाच त्याचा अर्थ. व्यवसायाविषयीचे, हिशोबाविषयीचे किंवा भावाविषयीचे कोणतेही विशेषण त्यात अभिप्रेत नाही. चिन्ह हे प्रमाणपत्र नव्हे. ही गोष्ट 'अल्काइलअमाइन' वाचताना विसरली तरी चालेल, 'क्लीन' वाचताना विसरून चालणार नाही.

रांजणगावच्या रस्त्यावरील पाट्या तर बहुतांशी संक्षेपांच्याच आहेत. फियाट म्हणजे तोरिनो येथील इटालियन मोटार कारखाना या १८९९ सालच्या इटालियन नावाचे आद्यवर्ण. एलजी म्हणजे लकी आणि गोल्डस्टार या दोन कोरियन व्यापारी नावांचे आद्यवर्ण. परंतु पाटीवरील नाव आणि बाजारातील चिन्ह यांचा मेळ सर्वत्र सारखा नाही. फियाट इंडिया ही खाजगी मर्यादित कंपनी असल्यामुळे भारतीय बाजारात तिचे चिन्हच नाही. एलजी इलेक्ट्रॉनिक्सची भारतीय कंपनी ऑक्टोबर २०२५ मध्ये नोंदली गेली. तिच्या चिन्हात 'एल-जी-ई' या वर्णांपुढे 'इंडिया' हा पूर्ण शब्द आहे. तो शोभेसाठी नाही. मूळ कोरियन कंपनी सोल येथील बाजारात नोंदलेली आहे, आणि तेथे वर्णांऐवजी ०६६५७० हा सहा अंकी क्रमांक वापरतात. व्हर्लपूलच्या बाबतीत याच भेदाने दुसरे रूप घेतले आहे. न्यूयॉर्कच्या बाजारात अमेरिकन कंपनीचे चिन्ह 'डब्ल्यू-एच-आर' असे तीन वर्णांचे आहे; मुंबईत नोंदलेल्या व्हर्लपूल ऑफ इंडियाचे चिन्ह 'व्हर्लपूल' असे संपूर्ण आहे. जे चिन्ह नावाने पूर्ण ते मूळ कंपनीचे असावे, असा तर्क कोणी केला तर तो चुकेल.

७. नाव जाते, अंक राहतो

मुंबई शेअरबाजारात वर्णचिन्हाबरोबर सहा अंकी क्रमांकही चालतो. समभागांचे क्रमांक सामान्यतः पाच या अंकाने सुरू होतात. सिप्लाचा क्रमांक ५०००८७, आयटीसीचा ५००८७५, अल्काइल अमाइन्सचा ५०६७६७. अलीकडे नोंदलेल्या कंपन्यांचे क्रमांक पुढचे आहेत : क्लीन सायन्सचा ५४३३१८, आणि कुरकुंभ येथेच कारखाना असलेल्या व जुलै २०२४ मध्ये नोंदलेल्या एमक्युअर फार्मास्युटिकल्सचा ५४४२१०. अंकांना नावाशी कसलेही साम्य नाही. म्हणूनच नावाच्या बदलाने त्यांना बाधा येत नाही.

रांजणगाव येथे खाद्यपदार्थांचा कारखाना असलेल्या आयटीसीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९१० साली ती 'इंपीरिअल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया' होती. १९७० साली 'इंडिया टोबॅको कंपनी' झाली. १९७४ साली केवळ तीन आद्यवर्ण, त्यांच्यापुढे पूर्णविरामांसह, हे तिचे नाव झाले. आणि २००१ साली ते पूर्णविरामही गेले. पूर्णविराम हे संक्षेपाचे लक्षण; ते आहेत तोवर 'यामागे पूर्ण नाव आहे' अशी सूचना राहते. ते काढल्यावर संक्षेप हा संक्षेप राहत नाही, तो रूढ शब्द होतो. 'आय' म्हणजे साम्राज्य की भारत, हा प्रश्न त्या दिवशी कायद्याने निकालात निघाला. तंबाखूच्या नावाने जन्मलेली आद्याक्षरे आज बिस्किटांच्या व पिठाच्या पुड्यांवर कोणासही खटकत नाहीत, ती याच कारणाने.

रोखे संगणकीय स्वरूपात ठेवण्यासाठी १९९६ साली डिपॉझिटरी कायदा झाला. तेव्हापासून व्यवहारात आलेला बारा स्थानांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक हा याहूनही सूक्ष्म आहे. आयटीसीच्या समभागाचा क्रमांक 'आय-एन-ई-१५४-ए-०१-०२-५' असा आहे. पहिले दोन वर्ण देशाचे, तिसरा 'ई' कंपनीचा निदर्शक, पुढील चार स्थाने त्या विशिष्ट कंपनीची, '०१' म्हणजे समभाग, '०२' हा त्या प्रकारातील अनुक्रम, आणि शेवटचा ५ हा आधीच्या सर्व स्थानांवरून गणिताने काढलेला पडताळ्याचा अंक. २००५ साली दहा रुपयांच्या समभागाचे एक रुपयाचे दहा समभाग झाले. असा बदल झाला की अनुक्रम पुढे सरकतो. बाजारचिन्ह तेच राहिले, परंतु चिन्हाने दर्शविलेली वस्तू पूर्वीची राहिली नाही, याची साक्ष या क्रमांकात मिळते. बाजारचिन्हाची अक्षरे जे सांगत नाहीत ते हे अंक सांगतात.

या प्रक्रियेचे सर्वांत बोलके उदाहरण टाटा मोटर्सचे आहे. रांजणगावच्या फियाट कारखान्यात टाटांच्या प्रवासी वाहन व्यवसायाची भागीदारी असल्यामुळे ते या परिसराशी निगडितही आहे. १९४५ सालची 'टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी', म्हणजे टेल्को, २००३ साली टाटा मोटर्स झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रवासी वाहने आणि व्यापारी वाहने असे तिचे विभाजन झाले. जुन्या कंपनीने 'टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स' हे नाव घेतले आणि तिचे चिन्ह 'टी-एम-पी-व्ही' झाले. नव्या व्यापारी वाहनांच्या कंपनीस 'टाटा मोटर्स' हे नाव मिळाले. ती नोव्हेंबर २०२५ मध्ये 'टी-एम-सी-व्ही' या चिन्हाने नोंदली गेली. मुंबई बाजारातील ५००५७० हा जुना क्रमांक मात्र जुन्या कंपनीकडेच, म्हणजे प्रवासी वाहनांकडेच राहिला. नाव एकीकडे गेले, क्रमांक दुसरीकडे राहिला, आणि दोघांचीही चिन्हे नवी झाली. विभाजनाच्या दिवशी जुन्या समभागाचा भाव पडद्यावर एकाएकी पुष्कळ खाली दिसला. तो तोटा नव्हता. एका चिन्हाखाली असलेल्या मालमत्तेचा एक भाग दुसऱ्या चिन्हाखाली जाणार होता. ज्याने चिन्ह म्हणजेच वस्तू असे मानले होते, त्याला मात्र ती घसरण वाटली.

८. चिन्हाविना शेअर

कुरकुंभ व रांजणगावच्या आधीपासून या दोन तालुक्यांत 'शेअर' हा शब्द रूढ आहे, तो सहकारी साखर कारखान्यांमुळे. पाटसचा भीमा कारखाना आणि न्हावरे येथील घोडगंगा कारखाना यांचे शेअर ऊसउत्पादक सभासदांकडे आहेत. त्यांना बाजारचिन्ह नाही, कारण त्यांचा खुला बाजारच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये सभासदास शेअर कितीही असले तरी मत एकच. आणि शेअरचे हस्तांतर संस्थेच्या नियमांनी बांधलेले. तेथे ओळख चिन्हाने होत नाही. सभासदाच्या नावाने, गावाने आणि सभासद क्रमांकाने होते. शेअर कोणाचा, हे तेथे नोंदलेले असते. शेअर कशाचा, हे सांगावे लागत नाही, कारण चिमणी गावातून दिसते.

यावरून बाजारचिन्हाच्या उपयोगाची मर्यादा स्पष्ट होते. वस्तू जेव्हा तिला न पाहिलेल्या, न ओळखणाऱ्या माणसांमध्ये हातोहात फिरू लागते, तेव्हा चिन्हाची गरज उत्पन्न होते. ज्या शेतकऱ्याच्या दप्तरात साखर कारखान्याचा शेअर आहे त्याचाच मुलगा आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर 'सिप्ला' चा समभाग घेऊ शकतो. दोन्हींस एकच शब्द आहे, शेअर. परंतु पहिल्यात ओळख आधी आणि कागद नंतर, दुसऱ्यात चिन्ह आधी आणि ओळख नंतर, किंवा कधीच नाही.

ओळख न करून घेण्याची किंमत काय पडते, याची उदाहरणे नजीकच्या काळातील आहेत. एप्रिल २०२१ मध्ये देशात प्राणवायूची टंचाई असताना बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या समभागाचा भाव काही आठवड्यांत दुपटीहून अधिक झाला. तिने वायूंचे उत्पादन २०१९ सालीच बंद केले होते आणि ती गुंतवणुकीचा व्यवसाय करीत होती. नावात मात्र 'ऑक्सिजन' शिल्लक होता. अमेरिकेत २०२० साली झूम या दूरसंवाद सेवेची मागणी वाढली, तेव्हा पुष्कळांनी 'झेड-ओ-ओ-एम' या चिन्हाचे समभाग घेतले. ते चिन्ह झूम टेक्नॉलॉजीज या निराळ्याच कंपनीचे होते. इच्छित कंपनीचे चिन्ह 'झेड-एम' एवढेच होते. अखेर मार्च २०२० मध्ये तेथील नियामकास त्या समभागाचे व्यवहार काही काळ थांबवावे लागले. ही चूक अज्ञानाची नव्हे. अन्वर्थ नसलेल्या संज्ञेस अन्वर्थ मानण्याची आहे. 'नदी' या संज्ञेत पाणी शोधण्याचाच तो प्रकार.

९. मराठीची साक्ष

बाजारचिन्ह कंपनी आणि समभाग यांत भेद करीत नाही. 'सिप्ला' ही पाच वर्णांची खूण दोहोंकडे बोट दाखविते. मराठी बोलणारा मात्र हा भेद नकळत करतो. 'सिप्ला कुरकुंभला आली' या वाक्यात क्रियापद स्त्रीलिंगी आहे, कारण मनात 'कंपनी' हा शब्द आहे. 'सिप्ला आज वाढला' या वाक्यात ते पुल्लिंगी आहे, कारण मनात 'शेअर' किंवा 'भाव' आहे. बोलण्यात हे लिंग नेहमीच काटेकोर राहते असे नाही. पण दोन्ही प्रयोग आढळतात, आणि जेथे ते वेगळे राखले जातात तेथे व्याकरणाने चिन्हाची उणीव भरून काढलेली असते. इंग्रजी क्रियापदास लिंग नसल्यामुळे ही सोय त्या भाषेत नाही.

म्हणून या चिन्हांचा 'अर्थ' विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे श्रेयस्कर. चिन्ह कोणत्या यादीतील आहे? ते कोणत्या तारखेपासून त्या वस्तूस लावलेले आहे? आणि त्या यादीत ते नेमक्या कोणत्या वस्तूच्या नावे मांडलेले आहे? 'सी', ५००५७० आणि 'झेड-ओ-ओ-एम' यांपैकी एकही या प्रश्नांवाचून नीट वाचता येत नाही. अक्षरांची फोड हे त्यानंतरचे, व्युत्पत्तीचे काम. ते रंजक आहे, उद्बोधकही आहे, परंतु त्यावर विसंबून कोणी पैसा लावू नये.

या दिशेने अभ्यासास भरपूर वाव आहे. मराठी वृत्तपत्रांच्या बाजारभावाच्या स्तंभांत कंपन्यांची नावे देवनागरीत कशी संक्षिप्त होत गेली, तेथे 'मौ॥' सारखा अक्षराधारित संक्षेप टिकला की रोमन आद्यवर्णांचे लिप्यंतर स्थिरावले, आणि संगणकीय व्यवहारांनंतर त्यात काय पालट झाला, याची दशकवार नोंद करता येण्यासारखी आहे. त्याचबरोबर कुरकुंभ व रांजणगाव परिसरातील बोलीत या नावांना लागणारे लिंग व प्रत्यय यांचे क्षेत्रीय सर्वेक्षण झाल्यास, लिखित चिन्ह बोलीत कसे रुजते याची सामग्री हाती येईल. पदव्युत्तर प्रबंधासाठी हा विषय लहान नाही.